वाफेवरचे जपान आणि सोळा वर्षांची नायिका

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली आगगाडी सुटली. त्याला तीन महिनेही झाले नव्हते तोच, ८ जुलै रोजी, जपानमध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, खाडीच्या तोंडाशी उरागा येथे चार अमेरिकी युद्धनौका येऊन उभ्या राहिल्या. कमोडोर मॅथ्यू पेरी याच्या या ताफ्यातल्या दोन नौका वाफेच्या आणि दोन शिडाच्या होत्या. पण किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत भरला तो धूर. एदोकरांनी त्यावर पाच ओळींचे एक विनोदी पद्य जुळवले. ‘जोकिसेन’ हे त्या काळच्या एका उंची चहाचे नाव, आणि वाफेच्या जहाजालाही उच्चाराने तोच शब्द. शिवाय पेले मोजायला आणि जहाजे मोजायला जपानीत एकच प्रत्यय लागतो. त्यामुळे वरवर पाहता पद्यात एवढेच म्हटले होते की जोकिसेनचे अवघे चार पेले घेतले आणि रात्रीची झोप उडाली.

किमोनो, कटाना म्हणजे जपानी तलवार, पितळेची दातेरी चाके, आभाळातून धूर सोडत जाणारी जहाजे आणि या सगळ्याच्या मधोमध सोळा-सतरा वर्षांची एक निर्भय मुलगी असा मेळ असलेल्या ज्या इंग्रजी कादंबऱ्या आज दुकानांत दिसतात, त्यांची मुळे या उडालेल्या झोपेत आहेत. या प्रकाराला जपानी धाटणीचे स्टीमपंक म्हणतात. घरातल्या मुलांच्या हातात असे पुस्तक पाहून ‘हे नेमके असते तरी काय?’ असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी, आणि ती पुस्तके वाचणाऱ्या मुलांसाठीही, हा लेख आहे. कारण या कल्पनेच्या खाली जो खरा इतिहास आहे तो माझ्या मते कादंबऱ्यांहून अधिक नवलाचा आहे.

आधी शब्दाचा उलगडा करू. ‘स्टीमपंक’ हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकी लेखकाने १९८७ साली ‘लोकस’ या मासिकाला लिहिलेल्या पत्रात, काहीसा थट्टेने, वापरला. त्या काळी संगणकांच्या अंधाऱ्या भविष्याविषयीच्या कथांना सायबरपंक म्हणत असत. जेटर आणि त्याचे मित्र मात्र भूतकाळाकडे वळले होते, म्हणून त्याने ‘सायबर’ काढून ‘स्टीम’ लावले. या प्रकाराच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: वीज आणि पेट्रोल यांनी वाफेला बाजूला सारलेच नसते, तर जग कसे झाले असते? तशा जगातली यंत्रे उघडी असतात. बॉयलर कुठे आहे, वाफ कोणत्या नळीतून जाते, कोणते चाक कोणत्या चाकाला फिरवते, हे डोळ्यांनी दिसते. आपल्या खिशातला फोन आपल्याला उघडता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि तो कसा चालतो हेही आपल्यापैकी बहुतेकांना सांगता येणार नाही. वाचकाला या कथांची ओढ वाटण्याचे एक कारण मला त्यातच दिसते. शब्दाचा उत्तरार्ध, म्हणजे ‘पंक’, तितकाच महत्त्वाचा आहे. यंत्र कोणाच्या मालकीचे, त्याचे इंधन कोठून येते आणि त्यासाठी कोण भरडले जाते, हा प्रश्न विचारणारे कोणीतरी कथेत असावे लागते. ते नसेल तर उरतो तो स्नेहसंमेलनातला वेशभूषेचा कार्यक्रम.

या प्रकाराचे जन्मगाव व्हिक्टोरिया राणीचे लंडन, हे समजण्यासारखे आहे. मग जपान कशासाठी? केवळ पोशाख देखणे म्हणून, असे काही टीकाकार म्हणतात, आणि काही पुस्तकांपुरते ते खरेही आहे. पण जपानची निवड पटण्याजोगी ठरते याला दोन ठोस कारणे आहेत.

पहिले कारण असे की जपानमध्ये दातेरी चाके वाफेच्या कितीतरी आधी आली होती. चहा वाढणारी बाहुली हा त्याचा सर्वांत गोड नमुना. यजमान तिच्या हातातल्या तबकावर पेला ठेवतो, बाहुली मान हलवत पाहुण्याकडे चालत जाते, पाहुण्याने पेला उचलला की थांबते, आणि रिकामा पेला परत ठेवला की वळून माघारी येते. पोटात लाकडी दातेरी चाके, आणि स्प्रिंगच्या जागी देवमाशाच्या तोंडातल्या लवचीक पट्टीची गुंडाळी. अशा बाहुल्यांना ‘काराकुरी’ म्हणतात, आणि त्यांची रचना आकृत्यांसह समजावणारे पुस्तक १७९६ साली छापलेले आहे.

या परंपरेतला शेवटचा मोठा कारागीर तानाका हिसाशिगे. कुरुमे गावात १७९९ साली कासवाच्या पाठीपासून नक्षीच्या वस्तू करणाऱ्याच्या घरी तो जन्मला आणि तरुणपणी भात्यातून बाण काढून नेम धरून सोडणारी बाहुली करून त्याने नाव कमावले. १८५१ साली त्याने जे घड्याळ पूर्ण केले ते आज तोक्योच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात आहे. त्याची करामत समजायची तर जुन्या जपानी वेळेची पद्धत ठाऊक हवी. सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग करत. साहजिकच उन्हाळ्यात दिवसाचा तास लांब आणि रात्रीचा आखूड, हिवाळ्यात नेमके उलट. आपल्याकडच्या प्रहरांची कल्पना ज्यांना आहे त्यांना हे चटकन कळेल. युरोपी घड्याळाचे काटे अशा ताणल्या जाणाऱ्या तासांपुढे निरुपयोगी होते. तानाकाने काटा तसाच ठेवला आणि तबकडीवरचे आकडेच ऋतूप्रमाणे आपोआप जवळ-लांब सरकतील अशी योजना केली. एकदा किल्ली दिली की घड्याळ वर्षभर चालावे, असा त्याचा हिशेब होता. याच माणसाने १८५५ साली सागा संस्थानाच्या कारखान्यात वाफेच्या इंजिनाची चालती प्रतिकृती तयार करण्यात पुढाकार घेतला आणि म्हातारपणी तोक्योच्या गिन्झा भागात दुकान थाटले, ज्यातून पुढे तोशिबा कंपनी उभी राहिली. बाहुलीवाला, घड्याळजी आणि इंजिनवाला ही तिन्ही कामे एका माणसाने एका आयुष्यात केली. कादंबरीत असे पात्र घातले तर संपादक म्हणेल की जरा जास्तच झाले.

दुसरे कारण वेगाचे आहे. इंग्लंडमध्ये वाफ रुळायला तीन-चार पिढ्या लागल्या, जपानमध्ये एक पिढी पुरली. पेरी १८५४ साली परत आला तेव्हा त्याने भेट म्हणून खऱ्याच्या चतुर्थांश आकाराचे एक इंजिन आणि डबा आणला होता. डब्यात मूलही मावणे कठीण होते. पण एक अधिकारी थेट टपावर जाऊन बसला आणि अंगावरचा सैल झगा वाऱ्यावर फडफडवत गोल रुळांवरून फिरला. १८७२ साली शिम्बाशी ते योकोहामा असा खरा लोहमार्ग सुरू झाला. १८७३च्या पहिल्या दिवसापासून पाश्चात्त्य दिनदर्शिका आली आणि तानाकाचे ताणले जाणारे तास कालबाह्य झाले. सामुराईंना कमरेला तलवार लावण्याची बंदी आली ती मात्र १८७६ साली. याचा अर्थ असा की, तलवारी आणि रेल्वेचा धूर एकाच रस्त्यावर दिसावेत असा काही वर्षांचा काळ जपानमध्ये खरोखर होऊन गेला. ‘शोगुनच्या’, म्हणजे सम्राटाच्या नावाने प्रत्यक्ष राज्य करणाऱ्या सेनापतीच्या, ‘हाती वाफ’ ही कादंबऱ्यांची आवडती कल्पनासुद्धा अगदीच हवेतली नाही. शोगुनशाही १८६८ साली कोसळण्यापूर्वीच तिच्या ‘कान्रिन मारू’ या वाफेच्या जहाजाने १८६० साली प्रशांत महासागर ओलांडला होता. आपल्याकडे वाफ आली ती राज्यकर्त्यांच्या झेंड्याखाली. जपानची सगळी धडपड ही होती की झेंडा येण्याआधी वाफ स्वतःच्या हाती यावी. जपानी स्टीमपंकमध्ये जी घाई आणि जो ताण जाणवतो तो या धडपडीचा आहे.

आता नायिकेकडे येऊ. कादंबरीत तिला सहसा तलवार मिळते, आणि तलवारीमागेही इतिहास आहे. १८६८च्या यादवी युद्धात आइझू संस्थानावर सम्राटाच्या पक्षाच्या फौजा चालून आल्या, तेव्हा विशीतली नाकानो ताकेको नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचे वक्र पाते असलेले शस्त्र, घेऊन स्त्रियांच्या एका तुकडीपुढे उभी राहिली आणि गोळी लागून मारली गेली. त्याच वेढ्यात तोफखान्याच्या शिक्षकाची मुलगी यामामोतो याए केस कापून, मेलेल्या भावाचे कपडे घालून, सात गोळ्यांची स्पेन्सर बंदूक घेऊन किल्ल्यातून लढत होती. ती जगली. पुढे ती परिचारिका झाली. कादंबरीकाराला या दोघींपैकी ताकेको अधिक आवडते, हे उघड आहे. पण यंत्रयुगाची खूण याएच्या हातात होती.

तरी मला स्वतःला जी खरी नायिका वाटते तिने शस्त्र उचललेच नाही. तिचे नाव योकोता एइ, लग्नानंतर वादा एइ. जन्म १८५७, गाव आजच्या नागानो प्रांतातले मात्सुशिरो, वडील त्या संस्थानाचे सामुराई.

१८७२ साली सरकारने गुन्मा प्रांतात तोमिओका येथे वाफेवर चालणारी रेशमाची गिरणी उभारली. पॉल ब्रुना हा फ्रेंच तज्ज्ञ तिचा सल्लागार होता; रेशीम काढण्याची इमारत सुमारे १४० मीटर लांब आणि तीत ३०० जणी एका वेळी काम करतील एवढी जागा होती. गिरणी तयार झाली, पण मुली येईनात. फ्रेंच लोक मुलींचे रक्त पितात, अशी अफवा पसरली होती. कोणीतरी त्यांना तांबडी वाइन पिताना पाहिले होते. शेवटी व्यवस्थापक ओदाका यांनी आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला, यूला, सर्वांत आधी कामावर घेतले. मात्सुशिरोत तेच झाले. मुली पाठवण्याची जबाबदारी एइच्या वडिलांवर होती, आणि दुसऱ्यांच्या मुली मागायच्या तर आधी स्वतःची द्यायला हवी. १८७३च्या वसंतात, जपानच्या जुन्या मोजणीने सतरा आणि आपल्या मोजणीने सोळाही पूर्ण नसलेली एइ गावातल्या इतर मुलींबरोबर घाट ओलांडून तोमिओकाला गेली. विटांची इमारत त्यांनी तोवर रंगीत छापील चित्रांतच काय ती पाहिली होती.

तिथे वाफ नेमके काय करत होती, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. रेशमाच्या कोशात शेकडो मीटर लांबीचा एकच अखंड तंतू डिंकासारख्या द्रव्याने चिकटून गुंडाळलेला असतो. कोश गरम पाण्यात टाकला की डिंक मऊ होतो, मग लहानशा केरसुणीसारख्या कुंच्याने पाण्यात फिरवून तंतूचे टोक सापडवायचे. एक तंतू फारच बारीक, म्हणून चार-पाच कोशांचे तंतू एकत्र करून एका बारीक छिद्रातून वर घ्यायचे, शेजारच्या धाग्याशी क्षणभर पीळ देऊन पुन्हा वेगळे करायचे, म्हणजे पाणी निथळते आणि धागा गोल होतो, आणि मग तो रिळावर जायचा. घरगुती पद्धतीत एका बाईला कोळशावरची कढई तापती ठेवणे, एका हाताने रीळ फिरवणे आणि उरलेल्या हाताने तंतू जोडणे अशी तिन्ही कामे करावी लागत. गिरणीत वाफ नळ्यांतून प्रत्येक कुंडीपर्यंत येऊन पाणी सारखे गरम ठेवी, आणि इंजिनाचा एक लांब दांडा सगळी रिळे एकाच वेगाने फिरवी. बाईचे दोन्ही हात आणि दोन्ही डोळे धाग्यासाठी मोकळे झाले. एक कोश संपत आला की धागा बारीक होतो, तो क्षण हेरून नवा तंतू जोडायचा. हे वाफेला येत नव्हते. यंत्र फ्रेंच होते तरी एक गोष्ट जपानच्या हवेने बदलायला लावली: दमटपणामुळे रिळावरचे धागे एकमेकांना चिकटत, म्हणून लहान रिळावरून ते पुन्हा मोठ्या रिळावर घेण्याची पायरी वाढवली गेली.

एइने उतारवयात, १९०७ साली, या दिवसांच्या आठवणी लिहायला घेतल्या. ‘तोमिओका निक्की’ म्हणून त्या प्रसिद्ध आहेत. तीत वीरश्रीची वाक्ये शोधाल तर सापडणार नाहीत. मात्सुशिरोच्या मुलींना आधी कोश निवडण्याच्या कंटाळवाण्या कामाला लावले होते, आणि मागाहून आलेल्या यामागुची प्रांतातल्या मुलींना मात्र थेट धागा काढायला बसवले. नव्या सरकारमध्ये यामागुचीची माणसे वजनदार होती, हे या मुलींना न कळण्याइतके त्या भोळ्या नव्हत्या. त्या रडल्या, चिडल्या, आणि जाऊन तक्रारही केली. पुढे एइ पहिल्या प्रतीची कामगार झाली.

ती १८७४ साली गावी परतली तेव्हा मात्सुशिरोजवळ रोक्कोशा नावाची वाफेवरची खासगी गिरणी उभी राहत होती आणि शिकवण्याची जबाबदारी एइवर आली. पहिल्यांदा ती गिरणी पाहून तिला काय वाटले ते तिने मोजक्या शब्दांत लिहिले आहे: तोमिओका आणि हे, यात जमीन-अस्मानाचे अंतर, तिथे जे तांब्याचे, लोखंडाचे, पितळेचे होते ते इथे लाकडाचे झाले होते, आणि काचेच्या जागी तार आली होती. गावच्या सुतार-लोहारांनी फ्रेंच यंत्र पाहून, आठवून, परवडेल त्या सामानातून घडवले होते. वाफ मात्र तीच होती. जपानी स्टीमपंकचे याहून नेमके वर्णन मी कोठे वाचलेले नाही, आणि ते कल्पनाशक्तीने केलेले नाही. मुखपृष्ठांवर सगळीकडे पितळ चमकते; खरी गोष्ट पितळाचे लाकूड होण्यात आहे.

आता ‘पंक’कडे. चांगल्या कादंबऱ्यांत वाफेच्या वैभवाची किंमत दाखवलेली असते: नापीक झालेली जमीन, विषारी धूर, इंधनावर पोसलेली सत्ता. हे सगळे तोचिगी प्रांतातल्या आशिओच्या तांब्याच्या खाणीत घडून गेले आहे. तिथल्या भट्ट्यांच्या धुराने डोंगर बोडके झाले, पुरांबरोबर खाणीचे विष वातारासे नदीतून खालच्या भातशेतीत पसरले. तानाका शोझो या लोकप्रतिनिधीने दहा वर्षे संसदेत हा प्रश्न मांडला, आणि शेवटी पद सोडून डिसेंबर १९०१ मध्ये रस्त्यात सम्राटाच्या गाडीपुढे धावत जाऊन अर्ज देण्याचा प्रयत्न केला. सरकारने पुराचे पाणी साठवण्यासाठी १९०७ साली यानाका हे गावच मोडून टाकले. तांबे वीज वाहून नेण्यासाठी आणि परदेशी चलन मिळवण्यासाठी हवे होते. शेतकरी कशासाठी हवा होता, याचे उत्तर कोणापाशी नव्हते.

रेशमाच्या गिरण्याही तोमिओकासारख्या राहिल्या नाहीत. तोमिओका सरकारी नमुना होती, तिथे रविवारची सुट्टी होती; पुढच्या खासगी गिरण्यांत गरीब शेतकऱ्यांच्या मुली घरी दिलेल्या आगाऊ रकमेच्या बदल्यात पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. १८८६च्या जूनमध्ये कोफू शहरातल्या एका गिरणीतल्या सुमारे शंभर बायका वाढवलेले तास आणि कापलेली मजुरी यांविरुद्ध काम टाकून एका देवळात जाऊन बसल्या, आणि मालकाला नमते घ्यावे लागले. जपानमधला हा पहिला संप मानला जातो. कारखान्यांचा कायदा १९११ साली मंजूर होऊन १९१६ साली अमलात आला. तेव्हा कादंबरीतली सोळा वर्षांची मुलगी सत्तेपुढे उभी राहते ती केवळ आजच्या वाचकांना रुचावी म्हणून, असे कोणी म्हणाले तर कोफूच्या बायका आठवाव्यात.

भाषेविषयी एक इशारा द्यायला हवा. परदेशी लेखक जपानी शब्द मसाल्यासारखे भुरभुरतात आणि पुष्कळदा चुकतात. ‘सामा’ हे नावापुढे लागणारे आदरदर्शक. काही लेखक त्याला सुटे करून मोठ्या माणसाला ‘होय, सामा’ असे उत्तर द्यायला लावतात. माधवरावांमधला ‘राव’ सुटा करून त्यांच्याच तोंडावर ‘हो, राव’ म्हणावे, तसे ते जपानी कानाला लागते. कथा पूर्णपणे काल्पनिक बेटांवर घडते, म्हणून चालते, असा बचाव केला जातो. पण बेटांची नावे, पोशाख, देव आणि तलवारी ज्या भाषेतून उचलल्या तिचे व्याकरण तेवढे काल्पनिक ठेवायचे, हे मला पटत नाही.

तोमिओकाची गिरणी सरकारकडून १८९३ साली मित्सुई या उद्योगसमूहाकडे, नंतर आणखी दोन मालकांकडे गेली आणि मार्च १९८७ मध्ये बंद पडली. ‘स्टीमपंक’ हा शब्द त्याच वर्षी छापून आला, हा निव्वळ योगायोग. २०१४ पासून ती जागतिक वारसा स्थळ आहे आणि लांबलचक इमारतीत शेवटच्या काळातली स्वयंचलित यंत्रे रांगेने उभी आहेत. एइच्या वेळची यंत्रे पाहायची असतील तर मात्र आणखी फिरावे लागते: ब्रुनाने आणवलेले इंजिन आइची प्रांतातल्या इनुयामाच्या मेइजी-मुरा या खुल्या संग्रहालयात आहे, आणि धागा काढण्याचे फ्रेंच यंत्र नागानोतल्या ओकायाच्या रेशीम संग्रहालयात.